चौथ्या स्टेशनपासूनचा फरक

समुद्रावर काम करणाऱ्या माणसाला पोहता येतं, असं आमच्या अमरावतीत सगळे धरून चालतात. मला येत नाही. सत्तावीस वर्षांत एकोणीस सफरी केल्या, पण पाण्यात उतरायची वेळ कधी आली नाही. संशोधन-जहाजावरचं बरंचसं काम पडद्यावरचे आकडे बघण्याचं, चहा पिण्याचं आणि माणसांवर चिडण्याचं असतं, आणि मला ही तिन्ही कामं जमतात. माझा भाऊ उद्धव अमरावतीला वकिली करतो. त्याच्या मते मी सरकारी पैशानं पाण्यात मीठ आहे का ते बघायला जाते. मी त्याच्याशी वाद घालत नाही, कारण तो फारसा चुकत नाही.

पाण्यात मीठ किती, एवढ्यावरूनच ही गोष्ट घडली. तीत श्याम बोचरे नावाच्या माणसाची नोकरी गेली आणि ती माझ्या सहीनं गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी काही लपवते आहे असं पुढे कुणाला वाटायला नको.

जानेवारीत आमचं जहाज गोव्याहून अरबी समुद्रात निघालं. सव्वीस दिवस, एकतीस स्टेशनं. स्टेशन म्हणजे नकाशावर आधीच ठरवलेली समुद्रातली जागा. जहाज तिथे पोहोचलं की थांबायचं आणि जाड तारेला बांधलेला एक लोखंडी पिंजरा दोन-दोन किलोमीटर खोल सोडायचा. त्या पिंजऱ्यावर क्षाराचा सेन्सर असतो. उतरताना तो पाणी किती खारट आहे ते क्षणाक्षणाला वर कळवत राहतो. भोवती चोवीस नळकांडी असतात, ती निरनिराळ्या खोलीवर बंद करून तिथलं पाणी वर आणायचं. पिंजरा डेकवर आला की नळकांड्यांतलं पाणी काचेच्या छोट्या बाटल्यांत भरायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या यंत्रावर त्याचा क्षार मोजायचा. बाटलीचा आकडा आणि सेन्सरचा आकडा जुळला तर ठीक. नाही जुळला तर बाटली खरी धरायची आणि सेन्सरचे आकडे तिच्याप्रमाणे दुरुस्त करायचे. हा आमच्याकडचा नियम आहे. मी तो कित्येक पोरांना शिकवला आणि स्वतः कधी तपासून पाहिला नाही.

या सफरीची मी मुख्य शास्त्रज्ञ होते. मुख्य शास्त्रज्ञाला वातानुकूलित खोलीत खुर्ची मिळते. डेकवर वारा फार असतो आणि केसांत मीठ बसतं, म्हणून मी तिकडे कामापुरतीच जायचे. कामं खालच्या लोकांना वाटून दिलेली होती.

पहिल्या तीन स्टेशनांवर बाटल्या ईशान भरत होता. तो माझ्या हाताखालचा जुना संशोधक. चौथ्या स्टेशनच्या आधी समुद्र जरा खवळला आणि ईशानला अशी बोट लागली की पुढचे आठ दिवस त्यानं अंथरूण सोडलं नाही. मग बाटल्यांचं काम आकांक्षाकडे आलं. आकांक्षा गावंडे, पीएच.डी.चं दुसरं वर्ष, दर्यापूरजवळच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी. तिचा प्रबंध याच क्षारावर होता, म्हणजे बाटल्या हे तसं तिचंच काम. तिची मुलाखत मी घेतली तेव्हा तिला विचारलं होतं, समुद्र कधी पाहिलास? ती म्हणाली, "नाही मॅडम, पन खारं पानी लहानपनापासून पाहून राहिली." मला ते उत्तर फार आवडलं होतं. आपल्याकडची पोरगी म्हणून मला तिचा जरा जास्तच अभिमान होता, आणि तो मी दिसू दिला नाही असं मला वाटायचं. जहाजावरच्या सगळ्यांना तो दिसत होता हे नंतर कळलं.

पोरगी कामाला वाघ. वाऱ्यात रेनकोट घालून पिंजऱ्याजवळ एकटी बसायची, एकेक बाटली भरायची, नंबर लिहायची. जहाजावर गोडं पाणी मोजून वापरावं लागतं. बाकीच्यांना तिसऱ्या दिवशी कप्तानाची ताकीद मिळाली, आकांक्षा मात्र अर्ध्या बादलीत आंघोळ आणि कपडे दोन्ही उरकायची. कप्तानानं तिचं उदाहरण जेवणाच्या टेबलावर दिलं तेव्हा मी भाजीकडे बघत राहिले.

चौथ्याच स्टेशनवर आणखी एक गोष्ट झाली. पिंजऱ्यावर खरं तर दोन सेन्सर असतात, एकमेकांवर लक्ष ठेवायला. त्यातला दुसरा त्या दिवशी दीड किलोमीटर खाली गेल्यावर बंद पडला, तो पडलाच. आणि त्याच स्टेशनपासून बाटल्यांचे आणि उरलेल्या सेन्सरचे आकडे जुळेनात. बाटल्या कमी क्षार दाखवत होत्या. हजार भाग पाण्यात पस्तीस भाग मीठ असतं, त्यात फरक होता तीन ते पाच शतांशांचा, आमच्या भाषेत तीस ते पन्नास हजारांशांचा. उद्धवला सांगितलं तर तो हसेल. पण आम्ही तिसऱ्या दशांशावर भांडणारी माणसं, आमच्या लेखी हा फरक म्हणजे सगळी सफर पाण्यात गेल्यासारखं होतं.

सेन्सर श्याम बोचरेच्या ताब्यात होते. श्याम अकोल्याचा. वय अडतीस, उपकरणांतली पदविका, आमच्या संस्थेत नऊ वर्षं दर मार्चला नवा होणाऱ्या करारावर. गळ्यात पांढरा दुपट्टा, बोलणं सावकाश. पिंजरा वर आला की सेन्सरच्या नळीतून पिचकारीनं शुद्ध पाणी फिरवायचं हे त्याचं काम. तसं केलं नाही तर आत मीठ सुकतं, मळ धरतो आणि सेन्सर खोटं सांगायला लागतो.

सातव्या स्टेशननंतर मी त्याला खोलीत बोलावलं आणि आकडे दाखवले. त्यानं बराच वेळ बघितले.

"मॅडम, सेन्सर बिघडला असता तं एकाच अंगानं बिघडला असता," तो म्हणाला. "हा फरक कधी तीस हाय, कधी पन्नास. सेन्सर असा नाही वागत."

"मळ बसला असेल तर वागतो," मी म्हणाले. "तुम्ही धुता ना प्रत्येक वेळी?"

"दरखेपी धुतो. एक खेप बाटल्यायचं पाहून घ्या न मॅडम."

मी म्हणाले, बघते. बघितलं मात्र नाही. बाटली म्हणजे शेवटचा साक्षीदार, आणि त्या बाटल्या पीएच.डी. करणारी मुलगी भरत होती. करारावरचा पदविकावाला मला मोजमाप शिकवतो याचा मला रागही आला होता. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

बाराव्या स्टेशनवर त्यानं सेन्सर माझ्यासमोर साबणाच्या पाण्यानं आणि मग शुद्ध पाण्यानं दोन तास धुतला. फरक गेला नाही. तो पुन्हा म्हणाला, बाटल्या बघा. मी म्हणाले, मळ फार जुना दिसतो, सेन्सरच्या नळीची आतली काच कायमची खराब झाली असणार. एकोणिसाव्या स्टेशनवर तो तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मी मान वर न करता म्हणाले, "बोचरे, तुम्ही तुमचं काम बघा." खोलीत चार जण होते, आणि त्यानंतर तो काही बोलला नाही.

गोव्याला परतल्यावर अहवाल लिहिला. अठ्ठावीस स्टेशनांचे सेन्सरचे आकडे बाटल्यांप्रमाणे दुरुस्त केले. कारण द्यायला हवं होतं, ते दिलं: चौथ्या स्टेशनच्या सुमारास सेन्सर गोड्या पाण्यानं धुण्यात हयगय झाली असावी. प्रशासनानं श्यामकडून खुलासा मागितला. तो माझ्याकडे आला. मी त्याला समजुतीनं सांगितलं की वाद घालत बसलात तर प्रकरण वाढेल. एखादी वेळ राहून गेली असेल असं लिहून द्या, म्हणजे घरातल्या घरात मिटेल. मला खरोखर तसं वाटत होतं. त्यानं लिहून दिलं. त्याच कागदावर बोट ठेवून मार्चअखेर त्याचा करार नवा झाला नाही. मला वाईट वाटलं, साधारण एक आठवडा.

एप्रिलमध्ये मी रजा घेऊन अमरावतीला आले. त्रेचाळीस डिग्री, उद्धवचा कूलर, दुपारची झोप. तिसऱ्या दिवशी आकांक्षाचे वडील नत्थुजी दारात उभे. हातात गावरान हरभऱ्याची पिशवी.

"आकांक्षा आलेली हाय घरी," ते म्हणाले. "तुमी एक डाव आमच्या इथं जेवाले याच लागते. तिची माय म्हनते, जहाजावर लेकरू एकटं नव्हतं, मॅडम होत्या."

नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दर्यापूर, तिथून नऊ किलोमीटर शेअर जीप. मी अमरावतीत वाढले, पण या भागात लग्नाकार्याशिवाय आले नव्हते. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा खारपाण पट्टा. जमीन काळी, पीक बरं, पण विहिरीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही. धरणाचं गोडं पाणी नळाला आठ दिवसांनी येतं. शाळेत हे मी भूगोलात पाठ केलं होतं आणि मार्कही मिळवले होते.

आकांक्षानं गोव्याहून दोन नमुन्याच्या बाटल्या आणल्या होत्या. नत्थुजींची तशी आज्ञाच होती. "एवढा समुद्र मोजला, आता आमची हीर बी मोजा," ते म्हणाले. म्हणून जेवणाआधी आम्ही विहिरीवर गेलो. विहीर घरामागच्या वावरातच होती. आकांक्षा, नत्थुजी, मी, आणि आकांक्षाची आई गोदाबाई, हातात पितळी गडवा घेऊन. मला वाटलं तो माझ्या प्यायला आणला आहे.

आकांक्षानं पोहरा सोडला, पाणी काढलं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घेतली, नियमाप्रमाणे. मग खांद्यापर्यंत भरली. बाटलीला दोन झाकणं असतात, आत बसणारं प्लॅस्टिकचं बूच आणि वर फिरकीचं. तिनं ते बूच डाव्या हातात धरलं आणि न बघता हात मागे केला. गोदाबाईंनी गडव्यातलं गोडं पाणी त्यावर धारेनं सोडलं. आकांक्षानं बूच एकदा झटकलं, बाटलीत दाबून बसवलं, वर झाकण फिरवलं आणि बाटली मला दिली. दोघी मायलेकी या सगळ्यात बैलांचं काहीतरी बोलत होत्या. त्यांचं त्या हातांकडे लक्षही नव्हतं.

माझं होतं. बाटली माझ्या हातात होती आणि बुचाला चिकटलेले थेंब आत उतरताना मला दिसले. चार असतील, पाच असतील.

"हे गोडं पाणी कशाला?" मी गोदाबाईंना विचारलं.

"शेवटचं पानी गोडं लागते न जी," त्या म्हणाल्या. मी काय वेड्यासारखं विचारते असा त्यांचा चेहरा झाला. "सारं खाऱ्या पान्यानंच धुवा लागते आमाले, पन शेवटी गोडं फिरवाव. नाही तं भांडं सुकलं का पांढरं पडते. कोनाच्या हातात पांढरं भांडं काहून द्याव?"

मी आकांक्षाला विचारलं, "जहाजावर बुचं कशानं धुवायचीस?"

"नमुन्याच्याच पान्यानं, मॅडम. नियमानं." मग ती थांबली. तिनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग आईच्या गडव्याकडे. जहाजावर पिंजऱ्याजवळच्या टेबलावर शुद्ध पाण्याची पिचकारी असते, हात धुवायला आणि सांडलेलं पुसायला.

"जुनं मीठ बसलेलं राहायचं बुचावर," ती हळू म्हणाली. "पांढरं. मी धुतलं असन. मले आठवत नाही मॅडम. खरंच आठवत नाही."

नत्थुजी विचारत होते, किती खारी निघाली हीर? मी सांगितलं, गोव्याला जाऊन मोजावं लागेल. आम्ही जेवायला गेलो. पुरणपोळी होती, कढी होती, कांद्याची भजी होती. मला काही चव लागली नाही, पण मी तीन पोळ्या खाल्ल्या, कारण गोदाबाई समोर बसल्या होत्या.

त्या तासाभरात माझ्या मनात काय आलं ते लिहायला हवं. विहिरीवर काय झालं ते आम्ही दोघीच जाणत होतो. अहवाल पोहोचला होता, आकडे दुरुस्त होऊन गेले होते, ईशाननं त्यावर लेखाचा मसुदाही केला होता. आकांक्षाच्या प्रबंधातली अर्धी प्रकरणं त्या बाटल्यांवर उभी होती आणि जूनमध्ये तिचं सादरीकरण होतं. मी गप्प बसले असते तर ती बसली असती. गुरूच्या पुढे बोलायचं नाही हे तिला घरातूनच शिकवलेलं होतं. माझी निवृत्ती चार वर्षांवर आहे. मी हे सगळं पोळीच्या घासागणिक मोजलं. मोजताना मला स्वतःची किळस आली, तरी मोजत राहिले.

हात धुतल्यावर आकांक्षा म्हणाली, "श्यामभाऊ कुठं आहेत आता?"

"अकोल्याला. का?"

"दर्यापूरहून दोनची बस हाय."

मी म्हणाले, आपण आधी गोव्याला जाऊन खात्री करू, मग पत्र पाठवू, सगळं रीतसर. ती म्हणाली, "तुमी या मॅडम, नाही तं मी एकटी जातो." अमरावती-अकोल्याकडच्या बायका तावात आल्या की ‘जातो’च म्हणतात. मी चपला घातल्या. गोदाबाईंना आम्ही इतक्या घाईनं का निघालो ते समजलं नाही, त्यांनी डब्यात पोळ्या बांधून दिल्या. वाटेत बसमध्ये आकांक्षा फक्त एकदा बोलली. तिनं विचारलं, अठ्ठावीस स्टेशनं का? मी हो म्हणाले. मग ती खिडकीबाहेर बघत रडली, आवाज न करता, अकोला येईपर्यंत.

श्यामचा फोन लागला होता. त्यानं जिथे बोलावलं ते पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचं दुकान होतं, जठारपेठेत. खारपाणातल्या प्रत्येक गावाला आता तसलं यंत्र लागतं, त्यामुळे दुकानात काम भरपूर होतं. तो खाली बसून एका यंत्राची जाळी काढत होता. दुपट्टा तोच. आम्हाला बघून उठला, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुसून दिल्या आणि पुन्हा खाली बसला.

मी बोलायला सुरुवात केली तर आकांक्षानं मला थांबवलं.

"भाऊ, सेन्सर बरोबर होता," ती म्हणाली. "बाटल्या मीच खराब केल्या. बुचं मी गोड्या पान्यानं धुवून लावून राहिली होती. घरी जसं धुतो तसं. थेंब आत जात होते."

श्यामनं हातातलं काम ठेवलं. मला वाटलं चिडेल. मी त्याच्या जागी असते तर दुकान डोक्यावर घेतलं असतं.

"किती थेंब?" त्यानं विचारलं.

"चार-पाच. कधी तीन, कधी सहा."

त्यानं जवळच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, कानावरची पेन्सिल काढली. दोनशे मिलीची बाटली. वीस थेंबांचा एक मिली. पस्तीस. तो तोंडानं पुटपुटत मांडत गेला. मी तो हिशेब बसमध्ये मनातल्या मनात तीनदा केला होता, तरी त्याच्या पेन्सिलीकडे बघत बसले.

"तीन थेंबाले सव्वीस. सहा थेंबाले बावन्न," तो म्हणाला. "म्हनून कधी तीस, कधी पन्नास. जुळलं."

आणि मग त्यानं दुपट्टा तोंडावर धरला. त्याचे खांदे हलत होते. दुकानाच्या मालकानं आतून डोकावून पाहिलं आणि परत गेला.

"मी तं मानलं होतं," तो दुपट्ट्याआडून म्हणाला. "तो खुलासा लिहून देल्ला नं, त्यात लिहिलं का राहून गेलं असन. आधी वाटे, खोटं लिहिलं. मंग रोज याद करू करू पाहो, चौथ्या स्टेशनवर पिचकारी मारली होती का नाही. याद येच ना. मंग वाटलं, खरंच राहून गेली. नऊ वर्षाचं काम, आन् हातच चुकला आपला. आता इथं एकेक जाळी दोन-दोनदा धुतो. रूपाली म्हनते, घरचा नळ बंद केला का नाही ते चार-चारदा उठून पाह्यता."

रूपाली त्याची बायको. मला तिचं नाव नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

मी त्याला सांगितलं की उद्याच संस्थेला लिहिते, अहवाल मागे घेते, आकडे पुन्हा जसे होते तसे करते, करारासाठी स्वतः भांडते. आकांक्षाचं नाव त्यात घालायची गरज नाही, ‘नमुना घेण्यातील त्रुटी’ असं लिहिता येतं, असंही म्हणाले. आकांक्षा म्हणाली, "नाव टाका मॅडम." तिचं एक वर्ष जाणार होतं, बहुधा जास्त. श्याम दोघींकडे बघून म्हणाला, करार मिळन तेव्हा मिळन. इथं बी खारंच पानी मोजतो.

"मले एक कागद पायजे," तो म्हणाला. "हापिसाचा नाही. साधा. रूपालीले दाखवाचा हाय. अन् मले बी."

त्यानं दुकानाच्या वहीतला एक कोरा कागद फाडून दिला. मी खोक्यावर ठेवून लिहिलं: ‘श्री. श्याम बोचरे यांनी सफरीत प्रत्येक स्टेशननंतर सेन्सर गोड्या पाण्याने व्यवस्थित धुतला होता. त्यांच्याकडून कोणतीही हयगय झाली नाही.’ खाली पूर्ण नाव लिहिलं, डॉ. रमा सावळापूरकर, मुख्य शास्त्रज्ञ. सही केली आणि मला जरा हलकं वाटलं.

त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मग कागद माझ्यापुढे धरला.

"मॅडम, मी दरखेपी धुतला हे तुमी पाह्यलं होतं काय?"

"नाही."

"मंग असं काहून लिहिता? पाह्यलं नाही तं पाह्यलं नाही लिहा." त्याच्या आवाजात राग नव्हता. बाराव्या स्टेशनवर सेन्सरबद्दल बोलत होता तसाच सावकाश बोलत होता. "न पाह्यता लिहिलं, म्हनून तं मी इथं हाव."

शरम वाटली, आणि ती साधी होती, अंगभर. मी कागद घेतला, लिहिलेलं खोडलं आणि खाली लिहिलं: ‘सेन्सर प्रत्येक स्टेशननंतर धुतला जात होता की नाही हे मी पाहिले नाही. बाटल्या कशा भरल्या जात होत्या हेही मी पाहिले नाही. बाटल्या बघा असे श्याम बोचरे यांनी मला तीन वेळा सांगितले. मी बघितल्या नाहीत, आणि चूक त्यांची आहे असे लिहून सही केली.’

आकांक्षा शेजारून वाचत होती. श्यामनं कागद घेतला, ओठ हलवत वाचला आणि मान डोलावली.

"तारीख राह्यली," तो म्हणाला.

मी तारीख टाकली.